नाकत्यांचा बंद खोका

वावेखारात भांडणाला विषय कधी कमी पडले नाहीत, पण एका गोष्टीवर अख्ख्या गावाचं एकमत होतं. लिलाव पुकारावा तर बाळाजी नाकत्यांनी.

हा लिलाव जप्तीबिप्तीतला नव्हे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांच्या हातावर बुंदी पडली, की शाळेच्या पटांगणात प्रत्येक घरातून एकेक वस्तू येते. कुणाचा भोपळा, कुणाचा कोंबडा, कुणाच्या घरची चटई. त्यांचा लिलाव होतो आणि जमतील ते पैसे शाळेला जातात. शाळेचे पत्रे, पोरांची बाकं आणि गेल्या वर्षीचा पाण्याचा पंप हे सगळं भोपळ्या-कोंबड्यांच्या जिवावर झालेलं आहे.

या लिलावाला एक कायदा आहे आणि तो कुठे लिहिलेला नसल्यामुळे सगळे पाळतात. वस्तू पहिल्या बोलीत जाऊ द्यायची नाही. गेली तर देणाऱ्याचा अपमान, कारण तुझ्या भोपळ्याला कुणी विचारलं नाही. आणि घेणाऱ्याचाही अपमान, कारण तुझ्या बोलीवर चढावं एवढी तुझी किंमत गावाला वाटली नाही. म्हणून ज्याला भोपळा नको असतो तोही मान म्हणून पाच-पंचवीस चढवतो, आणि अंगावर आला तर निमूट घरी नेऊन आठवडाभर भोपळा खातो. शेवटी ज्याची बोली राहील त्याचं पूर्ण नाव तीनदा पुकारायचं, एक वार, दोन वार, तीन वार. वर्षभर ज्याला कुणी हाक मारत नाही असा माणूसही त्या दिवशी आपलं नाव वडिलांच्या नावासकट पटांगणभर ऐकतो आणि ताठ मानेने कोंबडा काखेत मारून घरी जातो.

हे काम अण्णांनी, म्हणजे बाळाजी रामा नाकती यांनी, एकतीस वर्षं केलं. नोकरी मुरूडच्या तहसील कचेरीत, अव्वल कारकून. तिथे आवाज चढवायची सोय नव्हती, तो सगळा वर्षभर साठवून ते सव्वीस जानेवारीला काढत. शेजारी टेबल टाकून धर्माजी गुरुजी वहीत नावं लिहीत. गुरुजी बौद्धवाडीतले, निवृत्त शिक्षक, अण्णांचे जुने मित्र. अक्षर असं की वहीत नाव आलं म्हणजे सोन्यात मढवलं असं लोक म्हणत.

फक्त एक नाव त्या वहीत कधी आलं नव्हतं. ते अण्णांच्या बायकोचं, मनुबाईंचं. मनुबाई सुकट विकून चार पैसे गाठीला ठेवणारी बाई. शाळेला भोपळा देणं त्यांना कबूल होतं, पण दुसऱ्याचा भोपळा बाजारभावाच्या तिप्पट किमतीला घेणं त्यांच्या हिशेबात बसत नसे.

"सगळ्या गावाची नावं घेता तीन तीनदा," त्या एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या. "माझं लग्नात घास भरवताना घेतलंत, तेवढंच. पुढं 'अगं' न् 'आरोहीची आई'."

"तू बोली लाव, मग घेतो," अण्णा म्हणाले होते.

"माझं नाव ऐकाया मी पैसं भरू व्हय?" मनुबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली. विषय तिथेच संपला, निदान अण्णांना तसं वाटलं.

यंदाच्या दिवाळीनंतर ग्रामविकास मंडळाची सभा झाली आणि तिथे ठिणगी पडली. मंडळाचा चिटणीस रितेश. मुलगा चांगला, दिघीच्या बंदरात नोकरीला, पण ज्या कामाला गाव तीन महिने लावतं ते तीन मिनिटांत करायची त्याला खोड. तो म्हणाला, "गावची निम्मी माणसं वाशी-पनवेलला. त्यांना इच्छा असून बोली लावता येत नाही. यंदा लिलाव ऑनलाइन करू या. मोबाइलवर बोल्या घेऊ."

"आणि पुकारणार कोण?" अण्णांनी विचारलं.

"पुकारायची गरजच नाही ना अण्णा. तुम्ही आरामात बसा. किती वर्षं दमणार?"

माणसाला तू म्हातारा झालास असं सरळ सांगितलं तर तो भांडू तरी शकतो. आरामात बसा म्हटल्यावर करायचं काय? अण्णा म्हणाले, ऑनलाइन लिलाव काय मला येत नाही की काय. रितेशने अगदी आदराने विचारलं, "कधी केलाय?" सभा हसली नाही, पण हसू दाबल्याचा आवाज हसण्यापेक्षा मोठा असतो. जानेवारीच्या मधल्या सभेत काय तो निर्णय घ्यायचा असं ठरलं. म्हणजे अण्णांच्या हातात दोन महिने होते आणि पणाला एकतीस वर्षं होती.

"एक ऑनलाइन लिलाव जिंकून दाखव," घरी येताना गुरुजींनी सल्ला दिला. "प्रात्यक्षिक महत्त्वाचं. मी शाळेत सुद्धा हेच सांगायचो."

खारघरला नोकरी करणाऱ्या आरोहीने व्हिडिओ कॉलवरून बापाच्या मोबाइलवर एक ॲप चढवून दिलं. घाईत खातं तिने स्वतःच्याच नंबरावर काढलं. या ॲपवर बंद खोक्यांचा लिलाव चालतो. लोकांनी मागवलेला आणि नंतर परत केलेला माल खोक्यात भरायचा, खोका चिकटवायचा आणि आत काय आहे ते न सांगता विकायचा. अण्णांना हे पटेना. आपण कोंबडा पाय धरून दाखवतो, भोपळा वाजवून दाखवतो, आणि इथे वस्तू न दाखवता लिलाव?

"पपा, तीच तर गंमत आहे," आरोही म्हणाली. "मोबाइल निघू शकतो. मिक्सर निघू शकतो."

"मिक्सर हाय आपल्याकडं," मनुबाई मागून म्हणाल्या.

रविवारी दुपारी चारला लिलाव होता. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, ओट्यावर पाटावर बसले. समोर कोण दिसणार होतं म्हणून इस्त्री, असं मनुबाईंनी विचारलं, पण लिलावाला बसायची एक पद्धत असते. तीनशेपासून बोली सुरू झाली. अण्णांनी लावली. लगेच कुणीतरी चढलं. ॲपवर नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. हा क्रमांक चारशे सतरा. अण्णांनी वाढवली, चारशे सतरा पुन्हा चढला. मधेच एक पाचशे दोन नंबर घुसला. एरवी कुणीही शहाणा माणूस हजारावर थांबला असता. पण समोरच्याने बोली चढवली आणि आपण गप्प बसलो, असं अण्णांच्या एकतीस वर्षांत झालं नव्हतं. चार हजार शंभराला दोन्ही नंबर थांबले. मोबाइलवर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि अण्णा जिंकले.

दहाव्या मिनिटाला धर्माजी गुरुजी हसतमुखाने ओट्याशी आले. त्यांच्यामागे अंगणवाडीच्या जयमालाताई, त्याही प्रसन्न.

"अभिनंदन," गुरुजी म्हणाले. "शेवटी शोभा आली की नाही? नाहीतर पहिल्याच बोलीत गेला असता तुझा खोका."

अण्णांनी मोबाइल खाली ठेवला. "चारशे सतरा म्हणजे तुम्ही?"

"मग? मित्राची बोली मी तशीच जाऊ देईन? जयमालाताईंना पण मीच बसवलं. या पाचशे दोन."

"मी तर आणखी चढणार होते," जयमालाताई म्हणाल्या, "पण नेट गेलं."

रागवायचं कसं? माणसं मान वाढवायला आली होती. अण्णांनी स्वतः किती जणांच्या भोपळ्यांवर अशा बोल्या चढवून घेतल्या होत्या. त्यांनी दोघांना चहा पाजला. स्वतः घेतला नाही.

खोका वावेखारात आलाच नाही. ॲपच्या नकाशावर गावाला सगळ्यात जवळचं केंद्र दिघीचं दिसत होतं, सरळ रेषेत चार किलोमीटर. रेष सरळ होती, मधे खाडी होती, तेवढं नकाशाच्या लक्षात आलं नाही. म्हणून अण्णा एसटीने आगरदांड्याला गेले, तिथून फेरीबोटीने दिघीला, आणि धक्क्याजवळच्या कुरियरच्या गाळ्यात पोचले. खोका समोर फळीवर दिसत होता, टीव्हीच्या खोक्याएवढा. गाळ्यात चंदर नावाचा माणूस बसला होता.

"मोबाइलवर आकडे आलं असतील, ते सांगा," चंदर म्हणाला.

आकडे आरोहीच्या मोबाइलवर गेले होते आणि आरोही मीटिंगमध्ये होती. अण्णांनी सांगितलं, मी तिचा बाप आहे.

"कशावरून?" चंदरने शांतपणे विचारलं. "काय दाखला?"

अण्णांनी आयुष्यात हा प्रश्न हजारदा विचारला होता, पण त्याची चव आज कळली. दुसऱ्या खेपेला ते रेशनकार्ड घेऊन गेले, तर चंदर म्हणाला, झेरॉक्स लागेल, आणि झेरॉक्सचं मशीन बंद होतं. तिसऱ्या खेपेला चंदरची सुट्टी निघाली. चौथ्या खेपेला आरोहीने ऑफिसातून आकडे सांगितले, चंदरने खोका काढला आणि सही घेता घेता म्हणाला, "अण्णा, ओळखलं न्हाय वाटतं. उत्पन्नाच्या दाखल्याला मी तुमच्या टेबलापाशी आलो होतो, बारा वर्षांमागं. मलाही चारच फेऱ्या मारायला लावल्या होत्या तुम्ही. माझ्या मनात कायबी न्हाय हां. नियम म्हंजे नियम."

अण्णा खोका घेऊन फेरीबोटीवर बसले. त्या दिवशी ते नियमांविषयी पहिल्यांदाच वाईट विचार करत होते.

खोका ओट्यावर उघडला तेव्हा निम्मी आळी जमली. गुरुजींनी चष्मा पुसला. आतून कुत्र्यांचे स्वेटर निघाले. लोकरीचे, चार पायांचे, पाठीवर हाडकाचं चित्र काढलेले, सतरा. बर्फात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्यांच्या मापाचे. वावेखारात थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरवर ठेवायचा, आणि कुत्री म्हणावीत तर मासळीच्या वासावर जगणारी, अंगाला कपडा लावून घेतील अशी नव्हेत.

"उपयुक्त वस्तू आहे," एक स्वेटर उजेडात धरून गुरुजी म्हणाले. "फक्त प्रदेश चुकला."

"एखाद्या बकरीला व्हईल," जयमालाताई म्हणाल्या.

मनुबाईंनी एक स्वेटर उचलला, उलटसुलट केला आणि परत घडी घालून ठेवला. ती घडी अण्णांना बोलण्यापेक्षा जास्त लागली.

पण माणूस एकदा पडला की जिथे पडला तिथूनच काहीतरी उचलायला बघतो. ॲपवर नुसते खोके घेता येतात असं नाही, विकताही येतात, हे अण्णांच्या लक्षात आलं. घेण्यात फसलो, विकण्यात फसणार नाही. स्वेटर परत खोक्यात भरले. नुसते स्वेटर पाठवणं मनाला पटेना, आपल्या गावचा खोका म्हणजे त्यात काहीतरी खाण्याजोगं हवं. मनुबाई बाजाराला गेल्या होत्या. अण्णांनी फडताळातून सुकटीचा एक भरलेला स्टीलचा डबा काढला, झाकण दाबलं आणि स्वेटरांच्या मधोमध खोचला. वर दोन मुठी आमसुलं पसरली. खोका चिकटवला आणि 'कोकणचा बंद खोका' म्हणून लिलावात टाकला. नागपूरच्या कुणीतरी तो दीड हजाराला घेतला.

आता काय विचारता. गुरुजींनी ही बातमी दोन दिवसांत पार बौद्धवाडीपासून धक्क्यापर्यंत पोचवली. "नागपुरात गेला आपला माल," असं ते सांगत. जणू अण्णांनी जहाज पाठवलं होतं. रितेशसुद्धा रस्त्यात थांबून म्हणाला, "अण्णा, मानलं बॉस." घरात मनुबाई मात्र फडताळं उलटीपालटी करत होत्या. "माझा सुकटीचा डबा दिसत न्हाय," त्या म्हणायच्या. "पहिल्या कमाईचा डबा व्हता माझा." अण्णा अशा वेळी पेपर वाचायचे.

या यशाच्या भरात अण्णांनी आणखी एक खोका घ्यायचं ठरवलं. तो मंडळाच्या सभेतच उघडायचा, सगळ्यांसमोर, म्हणजे विषयच संपला. ॲपवर नेमका एक खोका होता, 'किनारपट्टी विशेष'. अण्णांनी आधी गुरुजींना आणि जयमालाताईंना निक्षून सांगितलं, की या वेळी कुणी मान वाढवायचा नाही. दोघांनी शब्द दिला आणि पाळला.

चार वाजता अण्णांनी बोली लावली. कुणी चढलं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पडद्यावर एकट्या अण्णांचा नंबर. त्यांना अस्वस्थ वाटायला लागलं. एवढ्या मोठ्या देशात आपल्या बोलीवर चढणारा एकही माणूस नसावा? हा खोका पहिल्या बोलीत आला तर गावात सांगायचं कसं? शेवटचं मिनिट उरलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी स्वतःच्याच बोलीवर दोनशे चढवले. मग बरं दिसेना म्हणून आणखी शंभर. आणि समाधानाने जिंकले.

या वेळी दिघीला चंदरने ना आकडे मागितले ना दाखला. नाकाला रुमाल बांधून त्याने खोका स्वतः फेरीबोटीपर्यंत आणून दिला आणि पटकन मागे वळला. माणूस सुधारतो, असं अण्णांना वाटलं. बोटीवर दोन मांजरी त्यांच्या पायाशी येऊन बसल्या, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. आमच्या किनाऱ्यावर सुकटीचा वास कुणाला येत नाही, तो हवेतच असतो.

सभेला शाळेची खोली भरली होती. बायकाही आल्या होत्या, मनुबाई जयमालाताईंच्या शेजारी. अण्णांनी खोका टेबलावर ठेवला, दोन शब्द बोलले, जग कुठे चाललं आहे आणि आपणही कसं मागे राहू नये, आणि रितेशला म्हणाले, "उघड."

रितेशने वरचा नवा पुठ्ठा कापला. आत जुना खोका निघाला. त्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. एक नागपूरची, 'वास येतो, परत.' दुसरी दिघीची, चंदरच्या हातची, 'पाठवणाऱ्याचा पत्ता सापडला नाही.' वासाचा खोका गाळ्यात ठेवायला नको म्हणून त्याने तो ॲपकडे ढकलला होता आणि ॲपने नवा पुठ्ठा चढवून तोच पुन्हा लिलावात काढला होता. अण्णांना अजून अर्थ लागायचा होता, तोवर रितेशने हात आत घातला आणि पाठीवर हाडकाचं चित्र असलेला एक स्वेटर वर काढला.

मग रितेशने डबा काढला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, कारण कार्यात भांडी इकडची तिकडे होतात. रितेशने झाकणावरचं नाव मोठ्याने वाचलं, "मनुबाई बाळाजी नाकती."

मग हसण्याला कुणी बांध घालू शकलं नाही. भिंतीवरचा फळा हलला म्हणतात. गुरुजींनीसुद्धा रुमालात तोंड घातलं. मनुबाई उठल्या, टेबलापाशी गेल्या, रितेशच्या हातातून डबा घेतला, पदराने झाकण पुसलं आणि घरी निघून गेल्या. तेव्हा हसणं थांबलं.

"रितेश," अण्णा म्हणाले. "यंदा लिलाव तूच कर. मला नाही जमत." आणि खोका उचलून तेही निघाले.

पुढचे आठ दिवस अण्णा ओट्यावर बसले नाहीत. त्यांना हसण्याचं दुःख नव्हतं, गाव हसतंच. दुःख दोन गोष्टींचं होतं. आवाज अजून तसाच होता आणि तो आता कशालाच लागणार नव्हता. आणि बायकोचं नाव लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत पुकारलं गेलं, ते हसण्यावारी. तेही त्यांच्यामुळे. त्यांना ते तिला सांगायचं होतं, पण 'अगं' म्हणून सुरुवात केली की पुढचं सुचत नसे.

ॲप मात्र रोज विचारत होतं, आपला खरेदीचा अनुभव कसा होता, किती तारे द्याल?

सव्वीस जानेवारीला मनुबाईंनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. "चला," त्या म्हणाल्या. "झेंड्यावर रुसता येत न्हाय."

झेंडावंदन झालं, बुंदी वाटली. अण्णा मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले. रितेश मोबाइल घेऊन समोर बसला. पहिला जयमालाताईंचा भोपळा. रितेशने फोटो ग्रुपवर टाकला, एका मिनिटाची वेळ लावली. वाशीहून एकाने पन्नास लिहिले. पटांगणात सगळ्या माना मोबाइलात. चढवायचं अनेकांना होतं, पण शाळेपाशी रेंज एक काडी, मेसेज गोल गोल फिरत राहिले. मिनिट संपलं.

"भोपळा गेला वाशीला," रितेश म्हणाला. "पन्नास रुपये."

मोबाइलांतल्या माना वर आल्या. पहिल्या बोलीत. जयमालाताई भोपळ्याकडे बघत राहिल्या. मांडवावर चढवून, पिशवी बांधून वाढवलेला भोपळा होता तो. त्यांचे डोळे भरले आणि रितेशला आपलं काय चुकलं ते कळलं, पण सुधारायचं कसं ते कळेना.

खरं म्हणजे अण्णांना या वेळी आनंद व्हायला काही हरकत नव्हती. आठ दिवस ते अशाच काहीतरी घटकेची वाट बघत होते. पण तो भोपळा तसा पन्नासावर पडलेला त्यांच्याने बघवेना.

"थांबा," टाकीकडून आवाज आला आणि वडाच्या झाडावरचे कावळे उडाले. "भोपळा वाजवून दाखवला का?"

अण्णा माणसांतून वाट काढत पुढे आले. भोपळा उचलून कानाशी धरला, बोटाने टकटक केलं. "भरीव आहे. वाशीची बोली पन्नास. वावेखार काय म्हणतं?"

"शंभर," गुरुजी टेबलाकडून म्हणाले.

"दीडशे," कुणीतरी मागून ओरडलं.

रितेश मुकाट्याने उठला, वाशी-पनवेलला फोन लावला, मोबाइल स्पीकरवर टाकून अण्णांच्या तोंडाशी धरला आणि वाशीवाल्याला म्हणाला, "दादा, लाइनवर राहा, अण्णा पुकारतायत." वाशीवाला दोनशे म्हणाला. भोपळा चारशेला गेला, वाशीलाच, पण आता मानाने. मग पुढे कोंबडा, चटई, सुरण. वाशी, पनवेल आणि वावेखार अशी तिहेरी झुंज लागली. जो आवाज पटांगणाला पुरायचा तो आता खाडीपलीकडे जात होता, आणि रितेश हात दुखेपर्यंत मोबाइल धरून उभा होता.

शेवटची वस्तू राहिली. गुरुजींनी वहीतून वाचलं, "नाकती कुटुंबाकडून, खोका एक."

अण्णांनी वळून बघितलं. तोच खोका. घरातून कधी आणला त्यांना कळलंही नव्हतं. त्यांनी मनुबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

लिलाव म्हटला की वस्तू दाखवायची. अण्णांनी घसा साफ केला. "वस्तू अशी. कुत्र्यांचे स्वेटर, सतरा. सुकटीचा वास आहे, जाणार नाही. कुणाला काही उपयोग होईल असं वाटत नाही. काय बोली?"

खोका घेतला तर अण्णांची थट्टा केल्यासारखं होईल, न घेतला तर अपमान, या पेचात सगळे अडकले. शेवटी रितेश चाचरत म्हणाला, "शंभर."

"रितेश शंभर," अण्णा म्हणाले. "शंभर एक वार." त्यांनी पटांगणावर नजर फिरवली. "शंभर दोन वार." खोका पहिल्याच बोलीत निघाला होता. अण्णांनी तिसरा वार पुकारायला तोंड उघडलं.

"पाचशे."

आवाज बायकांतून आला. मनुबाई उभ्या होत्या, कमरेची पिशवी हातात.

"वहिनी, वस्तू तुमचीच आहे," गुरुजी गोंधळले. "आपलीच वस्तू आपण..." त्यांनी वही पहिल्या पानापर्यंत चाळली. "तसा नियम नाही. असं कधी कुणी केलंच नाही."

"मग लिवा," मनुबाई म्हणाल्या. "माझं सुकटीचं पैसं हायत. माझ्या घरचा खोका पयल्या बोलीत जायचा न्हाय."

मग बांध फुटला. जयमालाताई सहाशे म्हणाल्या. पनवेल सातशे. वाशीने भोपळ्याच्या हिमतीवर नऊशे. मनुबाई प्रत्येक वेळी पन्नास चढवत होत्या, भाव करताना उतरवतात तशाच शांतपणे. बाराशे पन्नासला त्या पोचल्या आणि सगळं पटांगण एकदम थांबलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचा शब्द कुणाचा असावा हे गावाला बरोबर कळतं.

अण्णांचा हात वर होता. आता नाव पुकारायचं होतं.

"बोली," ते म्हणाले आणि थांबले. कोंबडेवाल्यांची, भोपळेवाल्यांची, गावातल्या मेल्या-जित्या साऱ्यांची नावं या तोंडाने घेतली होती. "बोली, मनुबाई बाळाजी नाकती. एक वार."

गुरुजींनी टाक धरल्यासारखं पेन धरलं आणि लिहायला लागले.

"मनुबाई बाळाजी नाकती. दोन वार." आवाज खाडीपर्यंत गेला असावा. मनुबाईंनी पदर सावरला आणि मान खाली घातली नाही.

"मनुबाई," अण्णा म्हणाले. पुढचं आलं नाही. एकतीस वर्षं न दमलेला आवाज तिथे दमला. 'तीन वार' पटांगणाने म्हटलं, वाशी-पनवेलसकट.

घरी जाताना अण्णांच्या डोक्यावर खोका होता. एकाच खोक्याला या घराने तीनदा पैसे मोजले होते, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त शहाण्या माणसाने, असं गुरुजी मागून म्हणत होते ते खोटं होतं, कारण दुसऱ्या वेळीही अण्णांनीच मोजले होते. खिशात मोबाइल वाजला. तारे मागत असणार.

"मनुबाई," अण्णा म्हणाले.

पुढे चालणाऱ्या मनुबाई थांबल्या. "आता काय? लिलाव संपला."

"काही नाही," अण्णा म्हणाले. "जमतंय का बघतो."